सोन्याचें वासरूं आणि आमचे मध्यस्थ

पौष लागला कीं सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत जत्रांचा हंगाम सुरू होतो. पालीस खंडोबा-म्हाळसेचें लग्न लागतें, मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईसाठीं माणसांचा लोंढा चढतो, रंगपंचमीस बावधनचें बगाड निघतें, चैत्रांत शिखर शिंगणापूरला कावडी जातात. खरसुंडीचा सिद्धनाथ, आरेवाडीचा बिरोबा यांच्या वाटाही माणसांनीं भरून जातात. ज्वारी विकून, उसनवारी करून, प्रसंगीं बायकोच्या अंगावरचा डाग गहाण ठेवून आमचा शेतकरी, धनगर, मजूर देवाला जातो. यांपैकीं एकाही दैवताची टवाळी करण्यासाठीं आम्ही ही लेखणी उचललेली नाहीं. मानला तर देव, नाहीं तर दगड, हें आमच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या बापजाद्यांनाही ठाऊक होतें. आमचा प्रश्न निराळा आहे. देव आणि भक्त यांच्या मध्यें हात पसरून उभा आहे तो कोण? त्याला तेथें कोणीं उभा केला? आणि तो गेल्यावर त्याच्या जागीं दुसरा उभा राहणार नाहीं, याची तजवीज आम्हीं काय केली आहे?

आपल्या घरांतला केर आपल्याला दिसत नाहीं, शेजाऱ्याच्या घरांतला चटकन दिसतो. म्हणून आज आम्ही वाचकांना थोडें लांबच्या घरीं नेतों. तें घर प्राचीन इस्राएल लोकांचें. मूर्तिपूजेवर या लोकांच्या शास्त्राइतके कोरडे दुसऱ्या कोणत्याही प्राचीन शास्त्रानें ओढले नसतील. गेल्या शतकांतील पाद्री या कथा आमच्या गांवोगांव सांगत आणि "तुमचे देव दगडाचे" असें म्हणून थांबत. पण ती अर्धीच कथा झाली. मूर्तीचें काय झालें तें त्यांनीं सांगितलें. मूर्तीमागच्या माणसाचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. तें आम्ही सांगतों.

पहिली गोष्ट सोन्याच्या वासराची. मिसर देशच्या गुलामगिरींतून सुटलेले हे लोक रानांत तळ देऊन होते. त्यांचा पुढारी मोशे डोंगरावर गेला तो चाळीस दिवस परत येईना. लोक घाबरले. त्यांनीं मोशेचा भाऊ अहरोन याला गांठून म्हटलें, आम्हांला पुढें चालणारा देव करून दे. अहरोनानें त्यांच्या बायकामुलांच्या कानांतलीं सोन्याचीं कुंडलें मागून घेतलीं, वितळविलीं आणि वासरूं घडविलें. लोक त्यापुढें नाचले, जेवले, प्याले. मोशे खालीं उतरला, त्यानें वासरूं जाळून त्याचा भुगा केला आणि तो पाण्यांत टाकून लोकांना पाजला. येथवर सर्वांना ठाऊक आहे. पुढचें पाहा. अहरोनाला जाब विचारला तेव्हां त्यानें उत्तर दिलें कीं, मीं सोनें आगींत टाकलें आणि हें वासरूं आपोआप बाहेर आलें! त्यानंतर लेवी वंशाच्या लोकांनीं तरवारी उपसल्या आणि त्या दिवशीं सुमारें तीन हजार माणसें मारलीं गेलीं. अहरोन मात्र वांचला. इतकेंच नव्हे, तर पुढें मुख्य याजकपणाचा मान त्याच्याच वंशांत राहिला. सोनें कोणाचें गेलें? लोकांचें. पाणी कोणीं प्यालें? लोकांनीं. मेले कोण? लोक. आणि मूर्ति घडविणारा गादीवर बसला. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आमच्याच मुलखांत जन्मली असें कोणीं समजूं नये.

दुसरी गोष्ट मीखा नांवाच्या गृहस्थाची. एफ्राईमच्या डोंगरी भागांत राहणाऱ्या या माणसाच्या आईनें दोनशें रुपये सोनाराला देऊन एक मूर्ति करविली. हे रुपये म्हणजे तेव्हांचीं चांदीचीं वजनें. प्रथम मीखानें आपल्याच मुलाला पुजारी नेमलें आणि सर्व कांहीं सुरळीत चाललें होतें. इतक्यांत लेवी कुळांतला एक तरुण पोटापाण्यासाठीं हिंडत त्याच्या दारीं आला. मीखाला हर्ष झाला. वर्षाला दहा रुपये, अंगाला एक पोशाख आणि पोटाला अन्न असा ठराव होऊन तो कुळपुजारी झाला. मीखा म्हणूं लागला, आतां लेवी माझा पुजारी आहे, तेव्हां देव माझें बरेंच करील. घरचा मुलगा पूजा करीत होता तोंवर देव प्रसन्न नव्हता काय? पण नाहीं, कुळवंत हाताशिवाय पूजा पोंचत नाहीं ही समजूत त्याच्या हाडांत शिरली होती. पुढें दान वंशाचे सहाशें हत्यारबंद लोक त्या वाटेनें चालले होते. त्यांनीं मूर्ति उचलली आणि पुजाऱ्याला विचारलें, एका घराचा पुजारी असणें बरें कीं आख्ख्या वंशाचा? पुजाऱ्याच्या मनाला आनंद झाला, असें त्या ग्रंथांत स्पष्ट लिहिलें आहे. त्यानें देव कांखेंत मारला आणि तो चालता झाला. मीखा रडत ओरडत मागें धांवला आणि समोर बळ मोठें आहे असें पाहून हात हालवीत घरीं परतला. ज्या देवाला माणूस पळवून नेऊं शकतो तो देव कसला, हा प्रश्न त्या गरिबाला सुचला नाहीं. आणि ज्या पुजाऱ्याला जास्त पगारावर फोडतां येतें तो पुजारी कसला, हाही सुचला नाहीं.

आतां तिसरी गोष्ट, आणि ती आमच्या ब्राह्मणेतर बांधवांनीं जपून ऐकावी. ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकांत इस्राएलच्या राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेचा राजा यराबाम याला भीति वाटली कीं, आपली प्रजा यज्ञासाठीं दक्षिणेंतल्या यरुशलेमेस जात राहिली तर तिचें मनही तिकडे जाईल. त्यानें सोन्याचीं दोन वासरें केलीं. एक बेथेल येथें बसविलें व दुसरें दान येथें. आणि लेवी नसलेल्या सामान्य लोकांतून त्यानें पुजारी नेमले. लेव्यांची मक्तेदारी एका हुकुमानें मोडली! आमच्यांतला एखादा उतावळा म्हणेल, वाहवा, हाच खरा सुधारक. पण थांबा. पुजारी बदलला, वासरूं तेंच राहिलें, कुंडलें त्याच कानांतून गेलीं आणि मधला हातही तसाच पसरलेला राहिला. फक्त त्या हाताचें कूळ बदललें.

आमच्याकडेही हा प्रसंग येऊन गेला आहे. वेदोक्ताच्या प्रकरणांत शाहू छत्रपतींचा जो अपमान झाला त्यानंतर त्यांनीं भिक्षुकशाहीशीं झुंज दिली, आणि १९२० सालीं पाटगांवच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरु म्हणून बसविलें. महाराजांचा हेतु शुद्ध होता आणि ब्राह्मण शंकराचार्यांच्या जोखडांतून मराठ्यांना सोडविण्याचा तो एक डाव होता, हें आम्ही जाणतों. तरीही "दीनमित्र"कार मुकुंदराव पाटील यांनीं त्यावर उघड टीका केली. देव आणि माणूस यांत मध्यस्थ नको असें म्हणणाऱ्या सत्यशोधकांना जगद्गुरु कशाला, मग तो ब्राह्मण असो वा क्षत्रिय, हा त्या टीकेचा गाभा होता. छत्रपतींसारख्या उपकारकर्त्यालाही खरें तें ऐकविणारी ती निष्ठा आज आमच्यांत किती उरली आहे, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

कोणी म्हणेल, मग मूर्तिच नको म्हणजे रोग गेला. तेंही खरें नव्हे. शिलो येथें इस्राएलांचें मोठें देवस्थान होतें. तेथें एक पवित्र कोश होता, मूर्ति नव्हती. पण तेथला पुजारी एली याचे हफनी व फिनहास हे दोन मुलगे काय करीत? यात्रेकरूंचें यज्ञाचें मांस शिजत असतां त्यांचा नोकर तीन दातांचा कांटा घेऊन येई, तो हंड्यांत खुपसी आणि जेवढें वर येईल तेवढें पुजाऱ्याचें म्हणून नेई. कोणीं हरकत घेतली तर मुकाट्यानें दे, नाहीं तर जबरीनें घेतों, असा दम भरी. मूर्ति नव्हती, पण कांटा होता! आमचे म्हणणें एवढेंच कीं, बहुजनांना बोचतो तो कांटाच. तो दगडाच्या देवामागून येवो, निराकाराच्या नांवानें येवो, कीं पोथी, गादी, मठ, समाधि यांच्या आडून येवो.

याहून सूक्ष्म गोष्ट राजा योशीया याची. ख्रिस्तपूर्व ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असतां मुख्य याजक हिल्कीया याला नियमशास्त्राचा एक ग्रंथ "सांपडला". राजानें त्या ग्रंथाच्या आधारें गांवोगांवचीं उंच ठिकाणीं, म्हणजे आपल्या टेकड्यांवरच्या म्हसोबा-बिरोबासारखीं पूजास्थानें, मोडून टाकलीं. अशेरा देवीचें खांबरूप प्रतीक जाळून राख केली. मूर्तिभंजनाचा हा मोठा पराक्रम म्हणून गाजला. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, शेतकऱ्याला आपल्या शिवारांत देवाला कांहीं वाहण्याची सोय उरली नाहीं. सर्व यज्ञ, सर्व दान, सर्व दक्षिणा एका राजधानींतल्या एका मंदिराकडे वळली. गांवचे लहान दुकानदार बंद झाले आणि शहरांत एक मोठी पेढी उभी राहिली. आतां संशोधकांनीं जमीन उकरून पाहिली आहे. सिनायच्या वाळवंटांत कुंतिल्लेत अजरूद येथें १९७५-७६ सालीं झालेल्या उत्खननांत ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमाराचे रांजण निघाले. त्यांवर इस्राएलाच्या देवाबरोबर "त्याच्या अशेरे"चेंही नांव आशीर्वादासाठीं घातलेलें आहे. यहूदा देशांतल्या घराघरांच्या अवशेषांत मातीच्या बायकांच्या लहान मूर्ति शेंकड्यांनीं मिळाल्या आहेत. म्हणजे ग्रंथांत ज्याला परकीयांचें पाप म्हटलें तो सामान्य घरांतला, विशेषतः घरच्या बायाबापड्यांचा, जुना धर्मच होता, असें पुष्कळ विद्वान मानतात. ज्याच्या हातीं लेखणी तो दुसऱ्याच्या देवाला भूत ठरवितो, हें आम्हांला नवें नाहीं. आमच्या खंडोबा, म्हसोबा, मरीआईला क्षुद्र दैवत म्हणणारे आणि पुढें तेथेंच गर्दी व पैसा दिसतांच त्यांना शिवपार्वतीचे अवतार ठरवून माहात्म्य लिहिणारे आमच्याकडे कमी झाले नाहींत.

तेव्हां मूर्ति ठेवावी कीं फोडावी, हा प्रश्न आम्हांला दुय्यम वाटतो. सातारा जिल्ह्यांतल्या खटाव तालुक्यांतील कटगुण हें ज्यांचें मूळ गांव, त्या जोतीराव फुल्यांनीं हा प्रश्न फार अगोदर नेमका मांडला. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला, तो निर्मिक आणि त्याचीं लेकरें यांत दलाल नको, या तत्त्वावर. पुढें १९१९ ते १९२१ या काळांत याच सातारा जिल्ह्यांत सत्यशोधक जलसे गांवोगांव फिरले. कुळें सावकारापुढें ताठ उभीं राहूं लागलीं, लग्नें आपल्या माणसांच्या हातून लागूं लागलीं. त्या धामधुमींत देवळें बाटविल्याचे व मूर्ति फोडल्याचे आरोपही चळवळीवर झाले. आम्ही स्पष्ट सांगतों, दुसऱ्याची मूर्ति फोडणें हें सत्यशोधन नव्हे. दगड फुटला तरी डोक्यांतली भीति फुटत नाहीं, उलट ती दुप्पट होते. चळवळीचें खरें यश हातोड्यांत नव्हतें, तें कायद्यांत आणि शाळेंत होतें.

कायद्याचें उदाहरण घ्या. पूर्वीं गांवच्या जोशाला न बोलावतां कोणी धर्मकार्य केलें, तरी वतनी हक्क म्हणून तो दक्षिणेचा दावा लावूं शकत असे. सेवा घेतली नाहीं तरी मजुरी द्या, असा हा न्याय! सीताराम केशव बोले यांच्या खटपटीनें १९२६ सालीं मुंबई कायदेमंडळांत कायदा होऊन हा दंड बंद झाला. पंढरपुरास बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्यानें काढले. त्यावर वर्षानुवर्षें कज्जे चालले आणि अखेर जानेवारी २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बडव्यांचें म्हणणें फेटाळलें. विठोबा जागचा हालला नाहीं. मधला हक्क मात्र गेला. मूर्तीला धक्का न लावतां कांटा काढतां येतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

पण कांटा काढला म्हणून स्वस्थ बसतां येत नाहीं. आज आमच्या मुलखांत जो हात पसरलेला दिसतो तो पुष्कळदां जानवें घातलेला नसतो. अंगांत आणणारा देवऋषी आमचा, गंडेदोरे देणारा बुवा आमचा, निवडणुकीच्या तोंडावर जीर्णोद्धाराचा नारळ फोडणारा पुढारी आमचा, आणि देवस्थानचा हिशेब विचारला तर डोळे वटारणारा पंचही आमचाच. यराबामाचे हे पुजारी आहेत. "आपला माणूस आहे" म्हणून त्यांना माफी देणें म्हणजे जातीसाठीं माती खाणें होय.

आणि या मातीला रक्ताचा वास आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो या आवईनें शिकलेसवरलेले लोक वाट्या-चमचे घेऊन रांगेंत उभे राहिले, तेव्हां त्याचें हंसूं झालें. पण २५ जानेवारी २००५ रोजीं, पौष पौर्णिमेस, वाई तालुक्यांतल्या मांढरदेवीवर जें झालें त्याचें हंसूं कोण करील? फोडलेल्या नारळांच्या पाण्यानें पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, दोहों बाजूंस दुकानें, माणसावर माणूस; चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले, आणि तीनशेंच्या आसपास माणसें गेलीं. त्यांत बायकामुलें पुष्कळ. न्यायमूर्ति राजन कोचर यांचा आयोग बसला. पण इतक्या माणसांकडून वर्षानुवर्षें दान घेणाऱ्यांना रुंद वाट कां सुचली नाहीं, हा प्रश्न आयोगाआधीं प्रत्येक भक्तानें विचारावयास हवा होता. सोनें लोकांचें आणि मरणही लोकांचें, हा अहरोनाच्या वेळचा हिशेब येथेंही चुकला नाहीं.

हा प्रश्न विचारणारा एक मनुष्य याच साताऱ्याचा होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं वर्षानुवर्षें सरकारचे उंबरे झिजविले. देव मानूं नका, असा त्यांचा हुकूम नव्हता. देवाच्या नांवानें लुटूं नका, एवढाच आग्रह होता. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांना गोळ्या घालून मारलें. कायदा झाला तो त्यानंतर, त्याच वर्षीं. २०२४ सालीं पुण्याच्या न्यायालयानें दोघां मारेकऱ्यांना जन्मठेप दिली. दगडाच्या देवाला कोणीं प्रश्न विचारला तर तो रागावत नाहीं. रागावतो तो मधला. हें ज्याला अजून पटत नसेल त्यानें ही तारीख पाठ करावी.

कोणी विचारील, मध्यस्थ काढला तर धर्म टिकेल कसा? याचें उत्तर द्यायला इस्राएलांचेच वंशज आमच्या दारांत उभे आहेत. आमच्या कोंकणांत बेने इस्राएल लोक कित्येक शतकें राहिले. मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून गांव त्यांना शनवारतेली म्हणे. त्यांच्याजवळ मंदिर नव्हतें, पुरोहित नव्हता, ग्रंथही उरला नव्हता. एक लहानशी प्रार्थना, शनिवारची सुटी, सुंता आणि खाण्यापिण्याचे कांहीं नियम, एवढ्या शिदोरीवर त्यांनीं आपला धर्म जपला आणि शेजारच्या देवळांशीं कधीं भांडण केलें नाहीं. मुंबईस त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें गेलें तें १७९६ सालीं. घाण्यावरच्या तेल्याला जें साधलें तें आमच्या कुणब्याला कां साधूं नये? त्यांच्या मूळ देशांतही रोमन लोकांनीं इ. स. ७० मध्यें यरुशलेमचें मंदिर जाळलें, यज्ञ बंद पडले, याजकांचा धंदा बुडाला. पण धर्म मेला नाहीं. त्यानें वेदी सोडून शाळा धरली, आणि मुलांना वाचावयास शिकविणें हेंच मोठें पुण्य मानलें.

आमच्या मुलखांत हीच वाट भाऊराव पाटलांनीं दाखविली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कराड तालुक्यांतल्या काले गांवीं सत्यशोधकांच्या परिषदेंत रयत शिक्षण संस्थेचा पाया पडला, १९२४ सालीं ती साताऱ्यास आली, आणि सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवूं लागलीं. वसतिगृहासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले. वाचकहो, येथें क्षणभर थांबा. सोनें तिकडेही बायकांच्याच अंगावरचें गेलें होतें. तिकडे त्याचें वासरूं झालें. इकडे त्याचें विद्यार्थी झाले.

"पण गरिबाला एवढाच आधार असतो, तो कां काढतां?" असें कोणी कळवळून विचारतात. आम्ही आधार काढीत नाहीं. पोरगें तापानें फणफणलें असतां आई काळूबाईला हात जोडते, त्या हातांबद्दल आमच्या मनांत आदरच आहे. आमचें भांडण त्या जोडलेल्या हातांशीं नाहीं. त्यांतली पुरचुंडी सोडवून घेणाऱ्या आणि दवाखान्याऐवजीं उतारा सांगणाऱ्या हाताशीं आहे.

म्हणून या हंगामांत आमच्या बांधवांना व भगिनींना चार गोष्टी सुचवितों. गांवच्या देवस्थानाचा जमाखर्च वर्षांतून एकदां सर्वांसमक्ष, बायकांसमक्षही, वाचून घ्या. जो वाचून दाखवीत नाहीं त्याला पंच म्हणून ठेवूं नका. जत्रेच्या वर्गणींतला पहिला पैसा वाट, पाणी आणि सुरक्षितता यांवर घाला. नवसाला कर्ज काढूं नका. जो कर्ज काढावयास सांगतो तो देवाचा माणूस नव्हे. आणि घरांतलें लग्न, वास्तु, दहावा घरच्याच वडीलधाऱ्या माणसाच्या हातून करण्याची धमक धरा; मीखाचा मुलगा मीखाला पुरेसा होता.

वासरूं सोन्याचें असो, दगडाचें असो वा गादीवर बसणारें हाडामांसाचें असो, त्याला तुम्हीं दिलेल्या कुंडलांखेरीज दुसरें अंग नसतें. कुंडलें आपल्या कानांत राहूं द्या, नाहीं तर मुलांच्या शाळेस द्या. निर्मिकाला त्यांतला मासाभरही नको आहे.